धूळ बसू नये म्हणून

वडवणीत मोटारसायकलवर हेल्मेट घालणारा माणूस एकच होता, आणि तोच गावातला सगळ्यात भित्रा माणूस होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी सरळ संबंध आहे, हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण ज्या गावात लोक हेल्मेटमध्ये कांदे ठेवतात, तिथं कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा हनुवटीखालचा पट्टा करकचून आवळणारा माणूस दिसला, की त्याच्याविषयी काहीतरी वेगळंच मत होतं.

उत्तरेश्वर सर माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. हेल्मेटवर त्यांचं भागलं नव्हतं. शेजारच्या वर्गाचे सर गाडीवरून पडून गुडघ्यात स्क्रू घालून आले, तेव्हापासून ते गुडघ्यांना पॅड बांधायचे, कोपरांना बांधायचे, आणि मे महिन्यातही हातमोजे घालायचे. इतका बंदोबस्त करून ते ज्या वेगाने गाडी चालवायचे, त्या वेगात शेरडं त्यांना ओलांडून जायची. यावरून तरी गावाला खरं काय ते कळावं की नाही? पण शेजारचे रामहरी, बाजार समितीतून निवृत्त झालेले, पारावर बसून सांगायचे, "खरा रेसर गावात पळवून दाखवत न्हाई. पळवतेत ती टवाळ पोरं. सरांचं सामान बघा की आंगावरचं. आसा माणूस बाहेर कुठं पळवत आसल, आपल्याला काय पत्ता?"

सरांनी हा गैरसमज दूर केला नाही. खोटं बोलले नाहीत, फक्त दूर केला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणी आपल्याला धाडसी समजण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि हे सगळं फुकट मिळत होतं.

ते फुकट नव्हतं, हे डिसेंबरात कळलं.

संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव अण्णा यांचा वाढदिवस. दरवर्षी रक्तदान व्हायचं. यंदा अण्णांचे चिरंजीव आणि संस्थेचे सचिव अभिमन्यूदादा यांच्या मनात आलं की सिरसाळ्याच्या रानात मोटारसायकलींची शर्यत घ्यायची. तरुणांचा गट एका दिवसात भरला. अडलं ते चाळिशीपुढच्या गटाचं. चाळिशीपुढची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि उरलेल्यांची कंबर गेलेली. दादा शिक्षकांच्या खोलीत आले आणि खुर्चीवर न बसता विचारते झाले, "आपल्या स्टाफमधी गाडीचा शौकीन कोण हाय?"

सगळ्यांनी खुंटीकडं पाहिलं. खुंटीला हेल्मेट लटकत होतं.

"नाही नाही दादा," सर उभे राहत म्हणाले, "मी आपला जपून..."

"बघा," दादा सगळ्यांना म्हणाले, "खरा माणूस कधी तोंडानं व्हय म्हणत न्हाई."

संध्याकाळपर्यंत फ्लेक्स लागला. आता आपल्याकडे ठरलेलं लग्न मोडता येतं, निवडणुकीतला अर्ज मागं घेता येतो; पण फ्लेक्स लागल्यावर माणसाच्या हातात काही राहत नाही. चौकात, बसस्थानकाच्या तोंडाशी, सरांचं ओळखपत्रावरचं डोकं कुठल्यातरी कातडी पोशाखातल्या धडावर चिकटवलेलं होतं. ओळखपत्राचा फोटो काढताना सर फ्लॅशला घाबरले होते. पण त्या धडावर ते वटारलेले डोळे भलतेच करारी दिसत होते. खाली लिहिलं होतं, 'वडवणीचं वादळ'.

सरांच्या पोटात गोळा आला तो त्या चौकात. पुढं तो शर्यत होईपर्यंत मुक्कामालाच राहिला.

घरी जाऊन विजयमालेला सगळं खरं सांगायचं, ती रागावेल, मग तीच काहीतरी तोड काढेल, असं ठरवून ते दारात आले. आतून तिचा आवाज येत होता. सिरसाळा तिचं माहेर, आणि ती माहेरी फोनवर बोलत होती.

"मग! आपल्याच गावात हाय रेस. आईला आन समद्यांला घिऊन या म्हणावं. आन बंकटला सांग, लई बोलत हुतास ना?"

बंकट तिचा धाकटा भाऊ, नुकतीच चाळिशी ओलांडलेला. बुलेटवर फिरायचा आणि दर दिवाळीला सगळ्या पंगतीसमोर विचारायचा, "दाजी, गाडी चालवत आलाव का हाताला धरून आणली?" पंगत हसायची. सरही हसायचे, त्यांना त्याचं फारसं वाटायचं नाही. पण विजयमाला हसायची नाही. ती खाली बघून वाढत राहायची, आणि परतीच्या वाटेवर गाडीवर मागे बसून वडवणी येईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. ते न बोलणं सरांना ठाऊक होतं. आणि आज तीच बाई फोनवर इतक्या मोठ्यानं हसत होती की शेजारच्या दगडाबाई भिंतीवरून डोकावून गेल्या.

सरांनी बूट काढले, हातपाय धुतले आणि काही न सांगता जेवले. मग हेल्मेट घालून बराच वेळ आरशापुढं बसले. एका पारड्यात सगळी हाडं आणि दुसऱ्या पारड्यात बायकोचं माहेर, असा तो हिशेब होता.

मग त्यांनी सरकारी मार्गानं सुटायचं ठरवलं. नियमावलीत लिहिलं होतं की डॉक्टरांचा दाखला हवा. सर मोठ्या आशेनं दवाखान्यात गेले. छातीत धडधडतं, म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं, आणि म्हणाले, "सर, या वयात इतका चांगला बीपी मी तालुक्यात बघितला नाही. काय करता तुम्ही?" सर काय करणार? आयुष्यभर तळलेलं खायचे नाहीत, भीतीनं. बिडी ओढली नाही, भीतीनं. ठणठणीत असल्याचा शिक्का घेऊन बाहेर आले.

राहिली गाडीची कागदपत्रं. चाळिशीपुढच्या गटातल्या बहुतेकांकडे लायसनच नव्हतं, आणि त्यावर पोलीस ठाण्यात मोठी खटपट चालली होती. सरांचं लायसन होतं. विमा चालू, धुराचा दाखला चालू, मागच्या नंबरप्लेटचा दिवासुद्धा चालू. हवालदारानं सगळी कागदं दोनदा उलटसुलट केली आणि उठून हस्तांदोलन केलं. "साहेब, नोकरीत पैल्यांदाच बघायलोय." मुख्याध्यापक रजा देणार नाहीत अशी शेवटची आशा होती. पण मुख्याध्यापक फ्लेक्सवर शुभेच्छुक होते.

शेजारपाजार मदतीला धावला, हे वेगळं सांगायला नको. रामहरी रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर शिकवणी घ्यायचे.

"वळणावर गाडी आडवी करायची. आशी. गुडघा जमिनीला लागला पायजे."

"कुणाचा?"

"तुमचाच की! आन ब्रेकला हात लावायचा न्हाई. ब्रेक लावला की माणूस गेला."

"आणि नाही लावला तर?"

रामहरींनी यावर थोडा विचार केला. "मंग बघा, तुमी पुढं जाताव," असं म्हणून ते चहा प्यायले. दगडाबाईंनी अंगारा आणून दिला, आणि जाताना विजयमालेला हळूच विचारलं, "इम्याला नाव तुझंच हाय ना गं?" त्या वाईट मनाच्या नव्हत्या. चौकशी करणं त्यांचा स्वभाव होता.

विजयमाला मात्र उत्साहात दिसायची. सरांचे हातमोजे तिनं धुतले. गुडघ्याच्या पॅडला नवं इलॅस्टिक शिवलं. सरांना मधूनच दूध आणून द्यायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. सर तिच्याकडं बघून घोट घोट दूध प्यायचे आणि मनात म्हणायचे, नाही, हिला सांगणं आता शक्य नाही.

आणि मग सरांना टँकर सुचला.

सोयाबीन निघालेलं ते काळं रान, आणि त्यावर चार दिवस तरुण पोरांनी गाड्या पळवून केलेला वीतभर फुफाटा. अण्णा कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे घालतात. त्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून शर्यतीच्या आधी ट्रॅकवर पाणी शिंपडायचं काम कमिटीनं आदिनाथला दिलं होतं. आदिनाथ सरांचा जुना विद्यार्थी. नववीत दोनदा बसला आणि आता तीन टँकरांचा मालक होता. काळ्या रानात पाणी थोडं जास्त झालं तर काय होतं, हे भूगोलाच्या माणसाला सांगावं लागत नाही. शर्यत रद्द. आणि रद्द झाली तर सगळ्यांचीच होणार, एकट्याची इज्जत जाणार नाही.

सरांनी आदिनाथला गाठून, इकडंतिकडं बघत सांगितलं, "आदिनाथ, जरा दोन खेपा जास्तीच्या टाक."

आदिनाथनं त्यांच्याकडं बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आदर पसरला, तो बघून सर दोन पावलं मागं सरले.

"वल्या रानात पळवायची म्हंता? बाकीच्यांची दांडी गुल आन तुमी भुर्रकन? बाबो! सर, तुमी लई खोल हाव!"

"अरे तसं नाही..."

"कुणाला सांगत न्हाई," आदिनाथ म्हणाला, आणि दुपारपर्यंत अख्ख्या सिरसाळ्याला माहीत झालं की वडवणीचं वादळ फक्त चिखलात चालतं.

शर्यतीच्या दिवशी सर रानात पोचले तेव्हा त्यांना वाटलं आपण चुकून कुठल्यातरी तळ्यावर आलो. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना रोवलेल्या झेंड्या पाण्यात स्वतःचं तोंड बघत होत्या. एक कुत्रं पलीकडं जायला निघालं, चार पावलं टाकली आणि विचार बदलून परत आलं. हे रद्द होणार! सरांचा जीव भांड्यात पडला. ते जवळजवळ हसतच दादांकडं गेले.

"दादा, या चिखलात काही शर्यत होत नाही. रद्दच करावी लागेल, काय करता!"

दादांनी स्टेजकडं बोट दाखवलं. सोफ्यावर अण्णा येऊन बसले होते. फेटा बांधून झाला होता, हार घालून झाला होता, आणि कपड्यांवर धुळीचा एक कण नव्हता.

"अण्णा बसलेत सर," दादा म्हणाले. "आता काय रद्द? आन तुमच्यासाठीच तर केलंय म्हणं हे."

पुढचं सगळं सरांना तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कुणीतरी पाठीवर नंबर बांधला. सहा गाड्या ओळीत लागल्या. शेजारी बुलेटवर बंकट; त्या फोननंतर त्यानंही नाव दिलं होतं. तो म्हणाला, "दाजी, आज बघूच!" पण त्याचाही आवाज जरा चिरकाच आला. दोरीपलीकडं बायकांच्या घोळक्यात, माहेरच्या सगळ्या गोतावळ्यात, विजयमाला उभी होती. तिनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती.

तेवढ्यात आदिनाथ वाकून कानाशी आला. म्हणजे हेल्मेटाशी.

"सर, रान झालं ना मनासारखं? कमिटीची एक खेप, तुमच्या दोन, आन काकूंच्या चार."

"कुणाच्या?"

"काकूंच्या की. परवाच फोन आलता. म्हणल्या, आसं भिजव की मुंगीबी चालली न्हाई पायजे. आन सरांला कळू दिऊ नको म्हणल्या. तुमचं दोघांचं प्लॅनिंग लई भारी हाय बरं का!"

सरांनी मान वळवली. हेल्मेटाच्या काचेतून त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं. विजयमालेनं पदर तोंडात धरला होता. डोळे घट्ट मिटले होते. ती कुणाला दाखवायला आली नव्हती, कुणाचं तोंड बंद करायला आली नव्हती. ती इतकी भ्यालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि घरात भिण्याचं काम आपल्याकडं आहे असं ते इतके दिवस समजत होते.

"थांबा," सर म्हणाले. पण हेल्मेटातून 'थांबा' बाहेर ऐकू येत नाही. झेंडी पडली.

पाच गाड्या किंचाळत सुटल्या. सरांची सुटली नाही. त्यांनी घाबरून क्लच धरून ठेवला होता. मग मागून पोरांनी ढकललं, क्लच सुटला आणि गाडी निघाली. सरांचे दोन्ही पाय खाली, चिखलात नांगर धरल्यासारखे. मागचं चाक एकदा उजवीकडं गेलं, एकदा डावीकडं गेलं. प्रत्येक वेळी सरांना वाटलं की हेच ते. अंगावर चिखलाचे सडे पडत होते. काचेवर चिखल बसला, तो पुसायला हात सोडण्याची हिंमत नव्हती, म्हणून एका बोटाएवढ्या फटीतून ते जग बघत होते. आणि माइकवर निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "सर घाई करत नाहीत! सर रानाचा अंदाज घेतायत!"

पहिल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींवर आडव्या झाल्या. तिसरा त्यांना चुकवायला गेला आणि झेंड्या घेऊन प्रेक्षकांत गेला. तिथं त्याला बसायला जागा दिली. चौथ्याच्या मडगार्डात काळी माती अशी भरली की चाक फिरायचंच थांबलं, आणि तो उभ्या गाडीवर उभाच राहिला. बंकट सगळ्यांच्या पुढं होता. शेवटच्या वळणावर त्यानं मान वळवून मागं पाहिलं, आणि पुढं बघायच्या आत बुलेट त्याच्यासकट बसली. हळूच, म्हैस बसते तशी.

सर अजून चालत होते. चालत होते म्हणजे पायांनीच; खाली गाडी होती इतकंच. बंकटच्या जरा पलीकडं गेल्यावर त्यांच्याही चाकात माती दाटली आणि गाडी थांबली. स्टँड लावायची गरज पडली नाही, ती चिखलात आपली आपण उभी राहिली. समोर पंचवीस-तीस पावलांवर शेवटची रेघ. मागं कुणी चालणारं नाही, पुढं कुणीच नाही. अख्खं रान ओरडायला लागलं, "ढकला सर! ढकला! आली, आली!"

गाडी ढकलून रेघेपार नेली असती तर सर जिंकले असते. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलंही. मग दोरीकडं पाहिलं. विजयमालेचे डोळे अजून मिटलेलेच होते. सगळं रान ओरडत होतं, त्यामुळं आपला नवरा जिंकतोय की मेला, हे तिला कळत नव्हतं.

सर खाली उतरले. हेल्मेट काढलं. निवेदक उडी मारून, विजार वर धरून, माइक घेऊन धावत आला. "सर! रेघेच्या दारात उभे राहून दोन शब्द!"

मास्तर माणूस, माइक हातात आला की खरं बोलतो किंवा फार वेळ बोलतो. सरांनी पहिलं केलं.

"मला भीती वाटते," सर म्हणाले. "पहिल्यापासून वाटते. हेल्मेटसुद्धा त्यासाठीच घालतो. मला ही शर्यत करायची नव्हती. विजू, मी धडधाकट आहे, डोळे उघड."

कर्ण्यांतून ते सगळ्या रानावर पसरलं. रान गप्प झालं. अण्णांनी सोफ्यावर मांडी बदलली. आणि त्या शांततेत चिखलातून आवाज आला, "दाजी, मलाबी लई भ्या वाटायलंय. आगुदर मला काढा, पाय आडकलाय."

मग जे हसू उठलं त्यात कोण कुणाला हसत होतं हे सांगता येणार नाही. सरांनी बंकटला बगलेत धरून ओढलं. पाय निघाला, बूट आतच राहिला. दादांचा चेहरा उतरला होता. पण अण्णांना उमापुरात एका लग्नाला जायचं होतं. त्यांनी सगळ्यांनाच विजयी घोषित केलं, पांढरेशुभ्र कपडे सांभाळत गाडीत बसले आणि गेले.

विजयमाला दोरीखालून वाकून आली. जांभळी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आल्या आल्या तिनं सरांचे हात, कोपरं, मान चाचपली आणि मग दंडावर एक चापट मारली.

"न्हाई करायची हुती तर सांगायचं न्हाई का?"

"तुझं माहेर सगळं येणार होतं. तू फोनवर इतकी हसत होतीस."

"मी? आवो, नाव तुमीच दिलंय आसं धरून चालले मी. आन मंग तुमी आरशापुढं ते हेल्मेट घालून बसला हुताव की. मला वाटलं, माणसाला जन्मात पैल्यांदा कायतरी हौस वाटायलीय, आपण काहून मोडा घालायचा? म्हणून हसत हुते. एकटी आसले की रडत हुते."

आरशापुढं बसल्यावर हेल्मेटच्या आत आपलं तोंड काय करत होतं, ते सरांनी तिला सांगितलं नाही.

रानाच्या कडेला तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा ढीग होता. एकेक तुराटी घेऊन दोघं चाकातली माती उकरत बसली. दुसऱ्या चाकाला लागताना सर म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललो. तुझ्या माहेरात तुला आता..."

"त्यांला आज कळलं. मला काय आज कळलंय का?" ती मातीचा गोळा फेकत म्हणाली. "माझा हात आसतोय की तुमच्या खांद्यावर. खड्डा मला दिसायच्या आगुदर तुमचा खांदा दगड हुतोय."

सरांची तुराटी मोडली. "मग इतकी वर्षं मागं कशाला बसलीस?"

"मला गाडी येत न्हाई म्हणून." तिनं चाक फिरवून पाहिलं. फिरलं. "उठा. सरका मागं."

"काय?"

"क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, हळूहळू सोडायचा. मागून बघून बघून पाठ झालंय मला. पुढं गाडीवाट कोरडी हाय, तितकीच न्हेते."

"आगं आक्का, पडचील!" एका पायात बूट घातलेला बंकट ओरडला.

"तू गप. आगुदर बूट हुडक."

सरांच्या पोटातला गोळा नुकताच कुठं विरला होता, तो सगळा गणगोत घेऊन परत आला. पण ते मागं बसले. नाही म्हणायचीही भीती वाटली. गाडी दोनदा हिसका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा सरांची मान मागं गेली, पुढं आली, आणि गाडी चालायला लागली. स्वतःच्या गाडीवर ते पहिल्यांदाच मागं बसत होते, आणि हात कुठं ठेवतात ते त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी तो तिच्या खांद्यावर ठेवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं एक उघडला. बैलगाडीच्या चाकोरीत, अगदी समोर, चांगला घमेलंभर खड्डा होता.

"खड्डा!" सर ओरडले. "विजू, खड्डा!"

"दिसतोय," ती म्हणाली.

तिचा खांदा मऊच होता.